मदत हवी आहे: बॅराइटची ग्रॅव्हिटी ३.८ च्या वर जाईना, उद्या गाडी सुटायची आहे

खडीवाला:
बॅराइट म्हणजे बेरियम सल्फेटचा जड दगड. त्याची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या किती पट जड ते, तीनदा काढली. ३.८२, ३.७९, ३.८१. पार्टी ४.२० मागतेय. दगड आंध्रातल्या मंगमपेटचा, राखाडी, आमच्याच गिरणीत दळलेला. खडा उचलला की हात खाली जातो इतका जड. मग चुकतंय कुठे? लवकर सांगा, गाडी भरून उभी आहे.

केमवाली:
कशी काढली ते लिहिलंच नाहीत. पाण्यात की रॉकेलमध्ये? पावडर वाळवली होती का? आणि माल जाणार कशाला?

रंगारी:
पेंटला जाणार असेल तर ग्रॅव्हिटीच्या मागे लागू नका. पांढरेपणा बघा आणि पावडर तेल किती पिते ते बघा. राखाडी माल पांढऱ्या रंगात घातला की शेड मारते, आम्ही हे भोगलंय.

खडीवाला:
पेंट नाही हो, ड्रिलिंगला. तेलाच्या विहिरीला. डेन्सिटी बॉटल, पाणी, नेहमीसारखंच.

वाळूचाळ:
भेसळ आहे, दुसरं काही नाही. पातळ हायड्रोक्लोरिक टाका. फसफसलं की कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचं खनिज.

केमवाली:
नाही फसफसलं म्हणून माल चोख ठरत नाही, सिलिका, म्हणजे क्वार्ट्झही फसफसत नाही. पण हिशेब करा: शुद्ध बॅराइट ४.५ च्या आसपास, क्वार्ट्झ २.६५. आकडा ३.८ वर यायला वजनाने जवळपास चौथा हिस्सा क्वार्ट्झ लागेल. दगड ते स्वतः दळतात, एवढं त्यांना दिसलं असतं. मला मोजण्यातच चूक वाटते.

वाळूचाळ:
ताई, दगडाच्या ढिगात काय काय येतं ते मी रोज बघतो.

सानिकाची_आई:
मध्येच विचारते, माफ करा. बेरियम विषारी ना? सासूबाईंना उद्या बेरियम पाजून एक्स-रे काढायचाय.

केमवाली:
घाबरू नका. त्यात बेरियम सल्फेट असतं. ते पाण्यात विरघळत नाही, पोटातल्या आम्लातही नाही, जसं जातं तसं बाहेर पडतं. बेरियम कार्बोनेट मात्र आम्लात विरघळतं, ते विष. दवाखान्यातलं सल्फेट औषधी दर्जाचं असतं, ही गिरणीतली पावडर नव्हे.

जुना_मडवाला:
खडीवाले, पाणी सोडा. कोरड्या बारीक पावडरीच्या गाठींत हवा अडकते, पाणी आत शिरत नाही, घनफळ जास्त दिसतं आणि ग्रॅव्हिटी पडते. पावडर १०५ अंशांवर वाळवून गार करा. ले शॅटेलियर फ्लास्कमध्ये (घनफळ मोजायची लांब मानेची बाटली) रॉकेल घ्या, ८० ग्रॅम पावडर थोडी थोडी सोडा, फ्लास्क तिरका धरून बुडबुडे थांबेपर्यंत फिरवा. पावडर टाकण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही रीडिंग एकाच तापमानाला, ३२ अंशांना घ्या.
पार्टी या आकड्यासाठी अडते याला कारण आहे. विहिरीतला गॅस वर येऊ नये म्हणून मडचं, म्हणजे विहीर खोदताना आत सोडतात त्या चिखलाचं वजन बॅराइट घालून वाढवायचं असतं. ग्रॅव्हिटी कमी पडली की त्याच वजनाला पावडर जास्त घालावी लागते, मड घट्ट होतं, पंप दमतो. तिथे माणसं काम करत असतात.

खडीवाला:
फ्लास्क शेजारच्या सिमेंटच्या लॅबमधून उसना आणला. फिरवायला लागलो तर दहा मिनिटं बुडबुडे येतच होते! आधीचं रीडिंग ०.६, नंतरचं २०.०. म्हणजे ८० भागिले १९.४, ४.१२. आता?

वाळूचाळ:
बरं, मग भेसळीचं मी मागे घेतो. पण ४.२० काही आली नाही.

जुना_मडवाला:
एपीआयमध्ये (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मानकात) २०१० पासून ४.१० चा वेगळा ग्रेड आहे. तो चालेल का ते पार्टीला विचारा. ऑर्डर ४.२० ची असेल तर सर्टिफिकेटवर ४.२० लिहून माल पाठवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

खडीवाला:
गाडी थांबवली. पार्टीला फोन लावतोय.

केमवाली:
७५ मायक्रॉनच्या चाळणीवर किती राहतं ते काढलंत का? ओल्या चाळणीने. ३ टक्क्यांच्या वर चालत नाही.

खडीवाला:
कोरडी चाळली होती. थांबा, बघतो.