मदत हवी आहे: जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, एक विषारी रसायन) आहे का, कुठे तपासू?

मंडळी, गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याचं मेंटेनन्स पाहतो. आवारात एक जुना ट्रान्सफॉर्मर बंद पडून आहे. नेमप्लेट गंजलेली, साल वाचता येत नाही. आपल्याकडे पीसीबी वापरायची मुदत २०२५ अखेरपर्यंतचीच होती, म्हणून विषय टाळता येणार नाही.

शुद्ध पीसीबी पाण्यात बुडतं, खनिज तेल तरंगतं, हे ठाऊक आहे. पण पूर्वी तेल गाळायची एकच फिल्टर मशीन साऱ्या ट्रान्सफॉर्मरना फिरायची आणि एकातलं पीसीबी दुसऱ्यात जायचं, त्यामुळे तरंगणाऱ्या तेलातही ५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ५० भाग) वर पीसीबी निघू शकतं. म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफीच (तेलातले घटक वेगळे करून मोजणारी प्रयोगशाळेतली चाचणी) हवी. गोव्यात किंवा बेळगाव-कोल्हापूरकडे ती कोण करून देतं? नमुना काचेच्या बाटलीतच द्यायचा ना?

तोवर बुडाशी लोखंडी ट्रे आहे, वर पत्रे घातलेत. पण आपला पाऊस आडवा येतो. ट्रे भरून तेल गटारात गेलं की संपलंच. सिमेंटचा कठडा किती उंच बांधावा? भंगारवाला तेलासकट न्यायला एका पायावर तयार आहे, त्याला गेटच्या आत घेतलेलं नाही.

पिसुर्लेच्या घातक कचरा केंद्रात असं तेल घेतात, की राज्याबाहेर पाठवावं लागतं? प्रदूषण नियंत्रण मंडळाचे कागद कुणी केले असतील तर आधी काय, मग काय, ते सांगा.