स्पर्धा परीक्षा सोडून गावी आलेल्या भाच्याला कोणती कादंबरी द्यावी?

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातला, केळीवाला. सल्ला हवा आहे, पण आधी थोडं पाल्हाळ ऐकून घ्या.

भाचा पुण्यात काही वर्षं एमपीएससी करत होता. पूर्व निघायची, मुख्यला गाडी अडायची. यंदा खोली सोडून आला. नोट्स तिकडेच रद्दीत घातल्या, पण पिशवीभर पुस्तकं घेऊन आला, सगळी 'स्वतःला घडवा' जातीची. रात्रीच्या लाइटीची पाळी असली की मोटार चालू होईपर्यंत झोप कुठली येते? तेव्हा त्यातलीच एकेक मी वाचत गेलो.

'अ‍ॅटॉमिक हॅबिट्स' मला खरंच आवडलं. सवय मनाच्या जोरापेक्षा आजूबाजूच्या मांडणीवर जास्त टिकते, हे पटलं. मोबाइल ओसरीत चार्जिंगला लावून आत झोपायला लागलो, आणि माझं वाचन वाढलं ते त्यामुळेच. पण रोज एक टक्का सुधारा म्हणजे वर्षात सदतीसपट व्हाल, हा हिशोब काही गळी उतरत नाही. आकडेमोड बरोबर आहे, मी करून पाहिली. पण माणूस म्हणजे काय सोसायटीचं व्याज आहे का? आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, आणि एखाद्या दुपारी असं वादळ येतं की कापणीवर आलेली केळी आडवी होते. त्या दिवशी टक्का कुठला मांडायचा?

'रिच डॅड पुअर डॅड'मध्ये राहतं घर ही मालमत्ता नव्हे, देणं आहे, असं म्हटलंय. भाच्याने हे जेवताना बोलून दाखवलं. त्याच्या वडिलांनी नुकतंच कर्ज काढून स्लॅब टाकलाय. पुढचं सांगत नाही. 'इकिगाई'तली ओकिनावाच्या ओगिमी गावची म्हातारी माणसं छान आहेत, पण ऐंशी टक्के पोट भरलं की थांबायचं म्हणे. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीची पंगत बसलेली असताना थांबून दाखवा!

असो. काळजी वेगळीच आहे. भाचा परवा म्हणाला, "मामा, माझी सिस्टीमच चुकली." जागा मोजक्या, फॉर्म भरणारे लाखो, जाहिराती लांबलेल्या, हे त्याच्या हिशोबात कुठेच नाही. सगळा तोटा त्याने एकट्याच्या खात्यावर लिहून टाकलाय. या पुस्तकांमध्ये दिवस आपल्या हातात आहे असं धरूनच चाललेलं असतं. हातात नसेल तर काय, त्याचं पान मला सापडलं नाही.

म्हणून त्याच्या हाती कादंबरी द्यावी असं वाटतंय. 'कोसला' डोळ्यापुढे आहे. नेमाडे आमच्याच तालुक्यातल्या सांगवीचे. 1963 ची कादंबरी, पण पांडुरंग पुण्याला जातो, वडिलांचे पैसे उडवतो आणि हाती काही न लागता गावी परततो, हे आजही इकडच्या कुठल्याही घरातलं वाटेल. मी या पावसाळ्यात पुन्हा वाचली. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी दोन दिवस पुढे सरकलो नाही. धास्ती तीच आहे: भाच्याला हा आपल्यासारखाच कोणी आहे असं वाटून बरं वाटेल, की आणखी खचेल?

दुसरी 'बारोमास'. सदानंद देशमुख बुलढाणा जिल्ह्यातले, म्हणजे मुक्ताईनगर ओलांडलं की शेजारीच. एम.ए., बी.एड. होऊनही नोकरी नसलेला, शेतीत रुतलेला एकनाथ. पुस्तक अस्सल आहे, 2004 साली साहित्य अकादमी मिळाली ती उगाच नाही. पण आत्ता त्याला? माझा हात पुढे होत नाही.

तर सांगा: 'कोसला' आत्ताच द्यावी की थांबावं? आणि अपयश घेऊन घरी आलेल्या पोराला शहाणपण न शिकवणारी दुसरी कुठली कादंबरी आहे का? जाडजूड नको. त्याला दोनशे पानांच्या पुढे धीर नाही.

प्रतिसाद (धुळे):
दादा, 'कोसला' थांबवा, निदान यंदा. आधी माडगूळकरांची 'बनगरवाडी' द्या. 1955 ची, अगदी छोटी. पोरसवदा मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. तो तिथे कुणाला घडवत नाही, वाडीच त्याला हळूहळू सामावून घेते. शेवटी दुष्काळ पडून वाडी उठते, पण त्यात मास्तरचा दोष कुणी काढत नाही. आणि भाच्याची ती पुस्तकं मात्र काढून घेऊ नका, नाहीतर चोरून वाचेल.

मूळ लेखक:
आभार ताई. 'बनगरवाडी' शाळेत असताना वाचली होती, यादीत आलीच नाही. पुस्तकं काढून घेत नाही, मीच त्यातलं अर्धं वाचायचा बाकी आहे. शनिवारी जळगावला चक्कर आहे, तेव्हा घेतो. कोणाला आणखी एखादं नाव सुचत असेल तर त्याआधी सांगा, एकाच फेरीत दोन्ही येतील. बाईने लिहिलेलं असेल तर उत्तम, त्याच्या आईलाही वाचायला होईल.