मदत हवी आहे : गुणांविना मुले लिहिती कशी ठेवावीत?
नमस्कार. मी ठाण्यातील एका शाळेत नववीला मराठी शिकवते आणि वयाच्या ५२व्या वर्षी मोडी लिपी शिकू लागले आहे. माझ्या वहीतल्या लाल खुणा वर्गात दाखवल्या, तेव्हा ‘बाई, तुम्हीपण चुकता?’ म्हणत मुलांनी आपणहून ‘आज काय शिकलो’ अशी चार ओळींची रोजची नोंदवही सुरू केली. पंधरवड्यातच मात्र ‘याला गुण किती?’ हा प्रश्न आला आणि निम्म्या वह्या कोऱ्या राहू लागल्या. दहावी तोंडावर असताना तो प्रश्न अवाजवी नाही, हे मान्य; पण गुण ठेवले की मुले मला आवडेल तेवढेच लिहितात. १८९३ पासूनच्या इथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात त्यांना नेण्याचा विचार आहे. गुण न देता ही सवय टिकवण्यासाठी आपण वर्गात प्रत्यक्ष काय केले, ते कृपया कळवावे.