‘निकोटिनिक ग्राही’, ‘उपघटक’ आणि ‘कूटबद्ध करणारे जनुक’

प्रश्न : एका वैद्यकीय लेखाचे भाषांतर करताना ‘सीएचआरएनए-५ हे निकोटिनिक ॲसिटिलकोलीन रिसेप्टरच्या एका सबयुनिटला कूटबद्ध करणारे मानवी जनुक आहे’ असे वाक्य माझ्याकडून लिहिले गेले. ते चुकीचे नसावे, पण मराठी वाटत नाही. रिसेप्टरला ग्राहक म्हणावे की ग्राही? सबयुनिटला ‘उपएकक’ चालेल का? आणि ‘निकोटिनिक’चे काय करावे?

उत्तर : आधी जनुकाचे नाव उलगडून पाहू, म्हणजे पुढचे शब्द निवडणे सोपे जाईल. ‘सीएच’ म्हणजे कोलिनर्जिक (ॲसिटिलकोलीन या चेतापेशींचा निरोप पोचवणाऱ्या रसायनाशी संबंधित), ‘आर’ म्हणजे रिसेप्टर (तो निरोप टिपणारे प्रथिन), ‘एन’ म्हणजे निकोटिनिक, ‘ए’ म्हणजे अल्फा आणि ५ हा त्या अल्फा गटातील क्रमांक. रोमन लिपीत मानवी जनुकाचे नाव तिरप्या अक्षरांत आणि प्रथिनाचे सरळ अक्षरांत छापण्याची पद्धत आहे. देवनागरीत हा भेद सहज दिसत नाही, म्हणून नावाआधी ‘जनुक’ किंवा ‘प्रथिन’ हा शब्द न चुकता लिहावा. या जनुकाची जागा पंधराव्या गुणसूत्रावर आहे, आणि अल्फा-३ व बीटा-४ यांची जनुके त्याला लागूनच आहेत.

‘ग्राहक’ हा शब्द व्युत्पत्तीने निर्दोष असला तरी मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे त्याने दुकानातले गिऱ्हाईक उभे राहते. ‘ग्राही’ मात्र गुणग्राही, हृदयग्राही या शब्दांमुळे आपल्या परिचयाचा आहे, आणि ‘नेमके तेच टिपून घेणारा’ ही छटा त्यात आधीच आहे. पेशीच्या पटलावर बसलेले हे प्रथिन नेमके तेच काम करते. ॲसिटिलकोलीन येऊन बसले की त्याच्या मधोमध असलेली वाट उघडते आणि सोडियमसारखे धनभारित आयन पेशीत शिरतात. म्हणून मी निःशंकपणे ‘ग्राही’ सुचवतो.

‘निकोटिनिक’ या विशेषणाबाबत अधिक जपून राहावे लागते. शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी १९०५ साली स्नायूंवर निकोटिन आणि क्युरारे (स्नायू लुळे पाडणारे विष) यांचे परिणाम तपासले आणि स्नायूतच काहीतरी ‘ग्रहणशील द्रव्य’ असले पाहिजे असे अनुमान काढले. पुढे १९१४ साली हेन्री डेल यांनी ॲसिटिलकोलीनच्या क्रियांचे दोन प्रकार वेगळे केले : एक निकोटिनच्या क्रियेसारखा, दुसरा अळिंबीतील मस्करिनच्या क्रियेसारखा. म्हणजे हे नाव कसोटीसाठी वापरलेल्या द्रव्यावरून पडले आहे. ग्राहीचा खरा धनी शरीरात तयार होणारे ॲसिटिलकोलीन हाच आहे. ‘निकोटिनग्राही’ असा समास केला तर निसर्गाने हा ग्राही तंबाखूसाठीच घडवला, असा अर्थ निघतो. त्यापेक्षा ‘निकोटिनिक’ तसेच ठेवावे. त्यातला ‘इक’ परका असला तरी रासायनिक, जैविक यांच्या सवयीमुळे तो मराठी कानाला खटकत नाही.

‘उपएकक’ मला मान्य नाही, कारण एकक म्हटले की मीटर आणि किलोग्रॅम आठवतात. ‘उपघटक’ बरा.

‘कूटबद्ध’ हा शब्द तर टाळावाच. कूट म्हणजे इतरांना कळू नये अशी लपवलेली खूण. जनुकात लपवाछपवी नाही, तिथे प्रथिनाचा संकेत आहे. ‘जनुक प्रथिन तयार करते’ हेही सैल लिहिणे झाले, कारण प्रथिन पेशीतील रायबोसोम या सूक्ष्म कणांवर तयार होते. शिवाय इंग्रजी धाटणीची ‘करणारे’वर संपणारी लांबलचक विशेषणे मराठीला पेलत नाहीत, तिला ‘ज्या–त्या’ची रचना मानवते. आपले वाक्य मी असे लिहीन : ‘निकोटिनिक ॲसिटिलकोलीन ग्राहीच्या अल्फा-५ या उपघटकाचा संकेत ज्या मानवी जनुकात असतो, ते सीएचआरएनए-५ होय.’

शंका : घटक म्हणजेच भाग. मग ‘उपघटक’ म्हणजे भागाचा भाग होत नाही का?

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. पाच प्रथिने वर्तुळात उभी राहून एक ग्राही बनतो, तेव्हा त्यांतील प्रत्येक हे थेट घटकच आहे. सलग लेखनात ‘घटक प्रथिन’ म्हणावे, हे मी आता मान्य करतो. ‘उपघटक’ पारिभाषिक सूचीपुरता राहू द्यावा. माझे वरचे वाक्यही ‘अल्फा-५ या घटक प्रथिनाचा संकेत’ असे सुधारून घ्यावे.

मात्र ‘अल्फा’ या शब्दावरून एक गैरसमज होतो, तो इथेच सांगतो. शेजारीशेजारी असलेली सिस्टीन या ॲमिनो आम्लाची (प्रथिनाच्या साखळीतील एका दुव्याची) जोडी ज्या घटकात आढळते त्याला अल्फा म्हणतात, आणि सामान्यतः ॲसिटिलकोलीनची बैठक अल्फा व त्याच्या शेजाऱ्याच्या सांध्यावर असते. अल्फा-५ मात्र सहसा अशी बैठक पुरवत नाही. दुसरा एखादा अल्फा आणि एखादा बीटा सोबत असल्याशिवाय त्याचा ग्राही चालतही नाही. तेव्हा त्याला ‘निकोटिन जिथे चिकटते तो भाग’ म्हणू नये, ‘साहाय्यक घटक’ म्हणावे.

सीएचआरएनए-५ ला ‘धूम्रपानाचे जनुक’ म्हणण्याचा प्रयोगही मला टोचतो. २००८ साली गुणसूत्राच्या या जनुकाभोवतीच्या भागातील बदलांचा फुफ्फुसाच्या कर्करोगाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला, आणि सिगारेटींच्या संख्येशीही दिसला. अल्फा-५ च्या साखळीत ३९८ व्या जागी ॲस्पार्टिक आम्लाऐवजी ॲस्परॅजिन हे दुसरे ॲमिनो आम्ल येणे, हा त्यांतील सर्वांत चर्चिला गेलेला बदल. अल्फा-५ नसलेले उंदीर निकोटिनची मोठी मात्राही घेत राहतात, असे २०११ मध्ये आढळले. अतिरेक झाल्यावर येणारी शिसारी त्यांच्यात क्षीण असते. थोडक्यात, हे जनुक ओढ निर्माण करीत नाही, ‘आता पुरे’ हा इशारा देण्यात त्याचा वाटा असतो. म्हणून लेखात ‘या बदलामुळे व्यसन जडते’ असे न लिहिता ‘हा बदल असलेल्यांमध्ये अधिक धूम्रपानाची जोखीम वाढलेली दिसते’ असे लिहावे.