फिक्स्ड की व्हेरिएबल? नऊवर राहिलेला स्कोप आणि हातचं गेलेलं चितळ

हिलकंट्रीवाला

आधीच सांगून टाकतो, धागा टेक्सासातल्या शिकारीबद्दल आहे. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली आणि ती बंदच राहावी असं माझंही मत आहे. इथे लायसन्स काढून, जमीनमालकाला विचारून जातो आणि मांस फ्रीजरमध्ये भरतो. ज्यांना मुळातच पटत नाही त्यांनी वेगळा धागा काढा, तिथे येऊन मी शिव्या खाईन.

तर गेल्या महिन्यात कर्व्हिलच्या पश्चिमेला एका रँचवर चितळाला गेलो होतो. हो, आपलंच चितळ. १९३२ साली इथे आणून सोडलेलं. आता हिल कंट्रीत, म्हणजे टेक्सासच्या या डोंगराळ भागात, इतकं माजलंय की इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या तोंडचा चारा पळवतं. बाहेरचा प्राणी म्हणून राज्याने त्याला ना सीझन ठेवलाय ना संख्येची मर्यादा.

आदल्या संध्याकाळी टार्गेटवर झीरो, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी लागते का ते, तपासताना ३-९×४० स्कोपची रिंग नऊवर नेली होती. हा व्हेरिएबल: रिंग फिरवून चित्र तीनपट ते नऊपट मोठं होतं, ४० म्हणजे पुढच्या भिंगाचे मिलिमीटर. ती तशीच राहिली. पहाटे सीडरच्या झुडपांतून वाकून चालतोय आणि वळणावर ३० यार्डांवर नर उभा. रायफल खांद्याला लावली तर स्कोपमध्ये नुसती तपकिरी भिंत. पाठ आहे, मांडी आहे की झुडूप, काही कळेना. दोन पांढरे ठिपके तेवढे दिसले, तेही पुसट. डाव्या हाताने रिंग चाचपतोय तोवर त्याने एकदा पाय आपटला आणि गेला.

नऊवर १०० यार्डांवरचं जेमतेम १४ फूट रुंद दृश्य दिसतं. म्हणजे ३० यार्डांवर चार फूट. चितळ त्याहून लांब असतं!

घरी येईपर्यंत माझं मत पक्कं झालं. हरणासाठी चार किंवा सहा पॉवरचा फिक्स्ड, म्हणजे कायम तेवढ्याच पटीचा, स्कोप पुरे. रँचमालकाच्या .३०-०६ रायफलवर वीव्हर कंपनीचा चार पॉवरचा फिक्स्ड के-४ आहे, इथल्याच एल पासोत बनलेला, त्याच्या वडिलांचा. एकच चित्र वर्षानुवर्षं बघून त्याला हरणाच्या आकारावरूनच अंतर कळतं. फिरवायची रिंग नाही, आत सरकणारी भिंगं कमी, म्हणून माझ्या मते संध्याकाळी उजेडही जास्त, वजनही दोन-तीन औंसांनी कमी. आम्ही मात्र दुकानात गेलो की आधी आकडा मोठा कुठला ते बघतो.

बोला.

फुलीगोळा

नाचता येईना अंगण वाकडं. चालताना रिंग सगळ्यात खाली, हे पहिल्या दिवशी शिकवतात. ३ वर ठेवली असती तर १०० यार्डांवर ३३ फूट दिसले असते. तुमच्या लाडक्या चार पॉवरमध्ये २४ च्या आसपास दिसतात. म्हणजे ज्या जवळच्या नेमासाठी तुम्ही फिक्स्डच्या आरत्या ओवाळताय, तिथेही व्हेरिएबलच रुंद! के-४ च्या जमान्यात व्हेरिएबलची रिंग फिरवली की गोळी भलतीकडे लागायची, त्यात धुकंही धरायचं. तेव्हा लोकांनी फिक्स्ड वापरला ते बरोबरच होतं. आज बऱ्या कंपनीच्या स्कोपला ते आजार नाहीत.

हिलकंट्रीवाला

@फुलीगोळा, ३३ विरुद्ध २४ मान्य, तिथे मी हरलो. पण नियम मलाही पाठ होता. पहाटे, बोटं बधिर झालेली असताना, समोर शिंगं दिसल्यावर पाठ असलेलं किती आठवतं? जी रिंग फिरते ती चुकीच्या जागी राहू शकते. माझं म्हणणं एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, तुमचं चितळ झुडपातलं. आमच्या दक्षिण टेक्सासात या. किंग रँचने १९३० च्या आसपास आणलेली नीलगाय किनाऱ्यालगतच्या माळावर मोकाट फिरते. नीलगाय म्हणजे आपला रोही! गावाकडं तुरीत रोही घुसले की बाबा रात्रभर डबा वाजवत बसायचे, आन् इथं लोक त्याच रोह्यासाठी पैसे मोजतात. हे बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, आमच्याकडले घेऊन जा म्हणा.

माळावर आडोसा नाही, वारा कायमचा, जनावर दांडगं आन् कातडं जाड. २५० यार्डांवर खांद्यावर नेमकी जागा शोधायची तर चार पॉवरवर काऊन डोळे फोडायचे? मी व्हेरिएबलवाला.

पण एक माझीही फजिती सांगतो. माझ्या स्कोपला आतल्या नेमाच्या फुलीखाली लांबच्या नेमासाठी रेघा आहेत. त्या फक्त सगळ्यात वरच्या पॉवरवर खऱ्या, कारण चित्र लहानमोठं होतं, रेघा तेवढ्याच राहतात. दुपारी जमिनीवरून गरम हवा लहरत होती, नऊवर रोही पाण्यात हलल्यासारखा दिसत होता, म्हणून सहावर आणलं. नेम मात्र ३०० च्याच रेघेवर धरला. गोळी पाठीवरून गेली. रोही माझ्याकडं बघून चालत गेला, पळालाही नाही. फिक्स्ड असता तर हे झालं नसतं, एवढं लिहून ठेवतो.

फुलीगोळा

@वऱ्हाडी_ठेचा, त्यावर इलाज आहे: पहिल्या फोकल प्लेनवर रेटिकल, म्हणजे फुली आणि रेघा, असलेला स्कोप. चित्राबरोबर रेघाही मोठ्या होतात, हिशोब कुठल्याही पॉवरवर तोच.

वऱ्हाडी_ठेचा

आहे ना. पण खालच्या पॉवरवर त्याची फुली कोळ्याच्या धाग्याएवढी होते. संध्याकाळी काळ्याभोर नरावर दिसतच नाही. आन् किंमत? त्यात आमचं गावाकडलं विमानाचं तिकीट येतं.

बर्फातली_चिमणी

विस्कॉन्सिनातून लिहिते आहे. आमचा बंदुकीचा सीझन थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारपासून नऊ दिवसांचा. अंगावर केशरी जाकीट, खाली बर्फ आणि रान इतकं दाट की ६० यार्डांपलीकडे नेम लागला तर ऑफिसात सांगण्यासारखी गोष्ट. नवऱ्याला आवड नाही, मी आणि लेक जातो.

लेकीच्या .२४३ रायफलवर २-७ चा स्कोप दिला होता. तिने अर्थातच सातवर ठेवला, कारण हरणाच्या पापण्या दिसतात! पण सातवर स्वतःच्या श्वासाने फुली कशी नाचते तेही दिसतं. ती थांबावी म्हणून पोर थांबली, फुली थांबेना, शेवटी चाप खस्सकन ओढला आणि गोळी बर्चच्या खोडात. मी रिंग तीनवर आणली. हात तेवढाच हलत होता, फक्त आता तिला तो दिसत नव्हता. पुढची गोळी बरोबर लागली.

आणखी एक. बऱ्याच व्हेरिएबलमध्ये पॉवर वाढवली की डोळा स्कोपच्या जवळ न्यावा लागतो. मग रायफल धक्का देते आणि भुवईवर चंद्रकोर उमटते. माझ्या उजव्या भुवईवर आहे. भिशीत बायका विचारतात तेव्हा मी कपाटाचं दार सांगते.

तर हिलकंट्रीवाले दादा, माझं मत तुमच्या बाजूने. मूल शिकत असेल तर नक्कीच.

म्युनिकचा_मावळा

जर्मनीत गंमत उलटी. इथे शिकारीच्या परवान्याची परीक्षा बारावीपेक्षा अवघड. पास झालात की चांदण्या रात्री मचाणावर रानडुकराची वाट बघत बसायचं. इथल्या जुन्या लोकांचा ठरलेला स्कोप म्हणजे ८×५६ फिक्स्ड. पुढचं भिंग बशीएवढं. ५६ भागिले ८, म्हणजे डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा गोल ७ मिलिमीटरचा; अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. मला हा स्कोप एका निवृत्त वनरक्षकाने दिला. बर्फावरचं डुक्कर त्यात काजळाच्या बोटासारखं स्पष्ट दिसतं.

खरं सांगायचं तर माझ्या वयाचे सगळे आता ३-१२×५६ घेतात. मी म्हाताऱ्यांत बसतो.

उंटावरचा_शहाणा

मावळ्याच्या गणितात तुम्हा पन्नाशीवाल्यांसाठी वाईट बातमी आहे. वयाबरोबर बाहुली आखडते, पन्नाशीत अनेकांची पाच मिलिमीटरच्या आसपासच उघडते. ७ मिलिमीटरचा गोल तुमच्या डोळ्यात मावतच नाही, कडेचा प्रकाश बुबुळावर वाया. दुसरं म्हणजे हा भागाकार फिक्स्डची मक्तेदारी नाही. ६×४२ चा गोल ७ आणि ३-९×४० सहावर ठेवला तर ६.७. पॉइंट तीनसाठी भांडताय?

सैन्याचा दाखला कुणीतरी देईलच म्हणून आधीच देतो. व्हिएतनामात अमेरिकन मरीनच्या एम-४० रायफलवर रेडफिल्डचा ३-९ व्हेरिएबल होता. तो काढून एम-४०ए१ वर उनर्टलचा १० पॉवरचा फिक्स्ड आला. नंतर पुन्हा ३-१२. म्हणजे दोन्ही पक्षांना हवा तो पुरावा मिळाला, जेवून घ्या.

आंबोळी

सगळे स्कोपवाले जमलेत, पण आजोबांकडे सावंतवाडीजवळ शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. नळीच्या टोकावर नेम धरायची माशी आणि डोळ्यात मोतीबिंदू. डुकरं तरी पळायचीच, बंदुकीच्या आवाजाला घाबरून.

अवांतर: मी एच-१बी वर आहे. मला इथे शिकारीला रायफल हातात धरता येते का?

बर्फातली_चिमणी

@आंबोळी, केंद्रीय कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला एरवी बंदी, पण वैध शिकार लायसन्स हा त्यातला एक अपवाद आहे. म्हणजे आधी लायसन्स, मग रायफलला हात. राज्याचे नियम वेगळे पडतात, वकिलाला विचारा, धाग्यावर विसंबू नका.

फुलीगोळा

मूळ वादावर येतो. टेक्सासातल्या बऱ्याच काउंट्यांत पांढऱ्या शेपटीच्या नराला शिंगांचा नियम आहे: दोन शिंगांमधलं आतलं अंतर किमान १३ इंच, नाहीतर निदान एक शिंग फाटा नसलेलं. संध्याकाळी १५० यार्डांवर १२ इंच की १४, हे चार पॉवरमध्ये ठरवून दाखवा. गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम बघणारा अधिकारी, गाडीच्या मागे टेप लावून मोजतो, तुमचं तत्त्वज्ञान नाही ऐकत.

हिलकंट्रीवाला

त्यासाठी दुर्बीण असते! कान पुढे उभे असताना नराच्या दोन कानांच्या टोकांमधलं अंतर साधारण तेवढंच असतं. शिंगं कानांबाहेर गेली का, ते ८×४२ मधून बघायचं. जो स्कोपमधून शोधाशोध करतो तो भरलेली रायफल रानभर फिरवत असतो. मागच्या सीझनला समोरच्या टेकडीवर एकाच्या स्कोपची काच माझ्या दिशेने चमकली होती. बराच वेळ मी खडकामागे बसून होतो. त्याला नऊ पॉवरमध्ये माझं नाकही दिसलं असेल.

फुलीगोळा

हे मात्र शंभर टक्के बरोबर. इथे वाद नाही.

हिलकंट्रीवाला

शहाण्यांच्या भागाकारामुळे झोप लागेना, म्हणून शनिवारी रँचमालकाचा के-४ आणि माझा ३-९ शेजारी शेजारी वाळूच्या पिशव्यांवर ठेवले. १०० यार्डांवर कुंपणाला तपकिरी गोणपाट लटकवलं आणि सूर्य बुडाल्यापासून बसून राहिलो. माझा चारवर ठेवला होता. कायद्याने सूर्यास्तानंतर अर्धा तास मिळतो. तो संपला तेव्हा दोन्हींत गोणपाट दिसत होतं, उलट माझ्यात कडा जास्त स्वच्छ, काच नवी ना. रँचमालक दोन्हींतून बघून म्हणाला, तुझा चांगला आहे, आणि स्वतःचा फडक्याने पुसून पेटीत ठेवला. तेव्हा उजेडाचा मुद्दा मी मागे घेतो.

रिंगचा घेत नाही. घरी येऊन ती चारवर आणली आणि वरून काळ्या इलेक्ट्रिकल टेपचे तीन वेढे मारले.

फुलीगोळा

म्हणजे शेवटी व्हेरिएबलच वापरताय.

हिलकंट्रीवाला

टेप काढून दाखवा.