कोलोनोस्कोपी मडगावात महाग, बेळगावात स्वस्त, बांबोळीत फुकट: मग लूट नेमकी कुठे?

तिसवाडीकर
परवा इथे कुणीतरी कोलोनोस्कोपीच्या (मोठं आतडं दुर्बिणीने आतून बघायची तपासणी) दोन बिलांचे फोटो टाकले. मडगावच्या एका खासगी इस्पितळाचं १४ हजारांच्या वर आणि बेळगावचं साडेसहा हजारांचं. खाली एकच ओळ: "गोंयच्या दोतोरांनी लूट मांडल्या, बेळगावाक वचात" (म्हणजे बेळगावला जा). त्यावर दोनशे लाईक आणि प्रत्येकाच्या शिव्या. मी गप्प बसणार होतो, पण राहवेना.

बिलं जरा मोठी करून वाचा की राव. मडगावच्या बिलात भूलतज्ज्ञाची फी आहे, डे-केअर बेड आहे, पॉलिप (आतड्याच्या आतली लहान वाढ) काढल्याचे पैसे आहेत, बायोप्सीचे (तपासायला काढलेल्या तुकड्यांचे) नमुने पॅथॉलॉजीला पाठवल्याचे आहेत. बेळगावच्या बिलात नुसती कोलोनोस्कोपी आणि औषधं. एकीकडे अख्खी थाळी, दुसरीकडे नुसता पाव, आणि विचारायचं काय, तर थाळी महाग का!

गावागणिक दर वेगळे असतात हे खुद्द केंद्र सरकार मानतं. ऑक्टोबर २०२५ पासूनचे सीजीएचएसचे, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेचे दर बघा. मोठ्या शहरात जो दर त्याहून दुसऱ्या श्रेणीच्या शहरात १० टक्के कमी, तिसऱ्या श्रेणीत २० टक्के कमी. इस्पितळाला एनएबीएच हे दर्जाचं मानांकन नसेल तर आणखी १५ टक्के खाली. सगळं मिळून फरक जातो तिसेक टक्क्यांवर. दुप्पट फरक गावामुळे पडत नाही.

स्कोप, म्हणजे ती दुर्बीण, सगळीकडे बहुतेक जपानी कंपन्यांचेच. मडगावला वेगळा आणि बेळगावला वेगळा येत नाही. प्रश्न एवढाच, की त्या स्कोपवर रोज किती केसेस होतात. बेळगावला आजूबाजूचे जिल्हे जातात, वर आपण जातो. गोव्याची वस्ती पंधरा लाखांच्या घरात, त्यातले बरेच गोमेकॉत (बांबोळीचं सरकारी गोवा मेडिकल कॉलेज), कारण तिथे गोंयकारांना फुकट. उरलेल्या थोड्या पेशंटांवर खासगीवाल्याला मशीनचा हप्ता, भाडं, पगार सगळं काढायचंय. याला लूट म्हणत असाल तर म्हणा.

फोंड्याची आवय
तुम्ही अकौंट्समध्ये होता का हो? कारण हिशेब बिलावरून मांडलात, बिल देणाऱ्याच्या बाजूने.

आमच्या यांना शौचातून रक्त जात होतं. फोनवर विचारलं तर "आठ हजार". तपासणी झाली, हे अजून भुलीच्या गुंगीत, आणि काउंटरवर माझ्या हातात १३ हजार २००. का? भूलतज्ज्ञ वेगळा. बायोप्सी वेगळी. "डिस्पोजेबल्स" नावाची एक ओळ, तिच्यात काय ते देव जाणे. बायोप्सी लागेल की नाही ते आधी कळत नाही, मान्य. पण भूलतज्ज्ञ येणार हे तर त्यांना सकाळी आठलाच ठाऊक होतं ना? मग आदल्या दिवशी फोनवर का नाही सांगितलं? केसेस कमी असतात म्हणून?

दुर्बीणवाला
मी एंडोस्कोपी युनिटमध्ये तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. त्या "डिस्पोजेबल्स"बद्दल सांगतो. बायोप्सीचा चिमटा, पॉलिप कापायचा तारेचा फास, सुया हे बहुतेक एकदा वापरून टाकायचं सामान. काही जण तेच धुऊन पुन्हा वापरतात, म्हणून त्यांची ती ओळ लहान असते.

आणि स्कोप म्हणजे नुसता पाईप नव्हे. प्रत्येक पेशंटनंतर आधी गळती तपासायची, आतल्या नळीतून ब्रश फिरवायचा, एन्झाइमच्या पाण्यात धुवायचा, मग निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात ठरलेली मिनिटं बुडवायचा, पुन्हा पाणी, शेवटी आतून वाळवून कपाटात उभा टांगायचा. पाऊण तास तरी जातो. एकच स्कोप आणि सकाळी दहा पेशंट असतील, तर तो धुतला कधी हे विचारा. स्वस्ताईचं उत्तर कधीकधी तिथेही असतं.

टिळकवाडी बेळगाव
म्हणजे आम्ही न धुता घालतो, असं म्हणायचंय का तुम्हाला? सरळ बोला की!

आमच्याकडे स्कोप जास्त, डॉक्टर जास्त, मेडिकल कॉलेजं आहेत, म्हणून दर कमी. कर्नाटकात २०१७ ला खासगी इस्पितळांचा कायदा कडक करायला घेतला तेव्हा डॉक्टर संपावर बसले होते, तरी दुरुस्ती झाली. दरपत्रक लावणं बंधनकारक आहे. क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे इस्पितळांच्या नोंदणीचा कायदा गोव्यालाही आहे. भिंतीवर काय लावलंय? मंगेशीचा फोटो?

दुर्बीणवाला
मी बेळगावचं नाव घेतलेलं नाही. अंगाला लावून घ्यायचं तर घ्या.

म्हापशेकार
बेळगावाक वचात म्हणणाऱ्यांनी ती तयारीची पावडर कधी प्यायली आहे का? दोन लिटर पाण्यात कालवून, खारट, गुळमट, दर पंधरा मिनिटांनी पेला. तासाभरात सुरू होतं आणि मग माणूस संडासापासून दहा पावलांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. हे पिऊन चोर्ला घाट चढणार? मेव्हण्याला घेऊन आदल्या दिवशी जावं लागलं. लॉज बघताना पहिला प्रश्न कमोड आतच आहे ना. लॉजचे पैसे, जेवण माझं एकट्याचं (त्याला नुसतं शहाळं), आणि जायची-यायची टॅक्सी. वाचवलेले पैसे टॅक्सीवाल्यानेच खाल्ले.

आणि टॅक्सीचं काय सांगावं! अख्ख्या देशात मीटर, अ‍ॅप, सगळं. आमच्याकडे तोंडाला येईल तो दर. म्हापसा ते बांबोळी जेवढे मागतात तेवढ्यात मुंबईत दिवसभर फिरेन. आमदार तोंड उघडत नाहीत कारण...

तिसवाडीकर
विषय दुर्बिणीचा आहे, टॅक्सीचा नाही.

म्हापशेकार
बिल कोण भरतो त्याला विचारा, विषय एकच आहे.

बांद्याचो
सगळे म्हणतायत बांबोळीत फुकट. फुकट कुणाला? आम्हाला २०१८ च्या जानेवारीपासून पैसे मोजावे लागतात. त्याआधी कित्येक वर्षं बांदा, सावंतवाडी, दोडामार्गचा माणूस छातीत कळ आली की डोळे मिटून बांबोळी गाठायचा. मग एका रात्रीत आम्ही परराज्यातले झालो. दोडामार्गात आंदोलन झालं तेव्हा तुम्हा लोकांना ट्रॅफिक अडला एवढंच दिसलं. दर प्रदेशाप्रमाणे का बदलतात विचारताय ना? पत्रादेवीचा चेकनाका ओलांडला की बदलतात. उत्तर संपलं.

म्हापशेकार
आमच्या करातून चालणारं इस्पितळ आहे ते. खाट मिळत नाही म्हणून आमची म्हातारी ट्रॉलीवर पडून होती, आणि शेजारी अर्धा वॉर्ड पलीकडचा. तुमच्या सरकारला विचारा ना! तुमच्या सिंधुदुर्गात ओरोसला मेडिकल कॉलेज झालंय.

बांद्याचो
कॉलेज झालं म्हणजे सगळे सुपरस्पेशालिस्ट उद्या सकाळी येऊन बसतात? आणि कराचं बोलताय तर तिळारीचं पाणी पिताना आठवण ठेवा. धरण आमच्या तालुक्यात, गावं आमची उठली, पाणी बार्देशच्या नळाला. तुमच्या हॉटेलांत, कारखान्यांत राबायला आमची पोरं चालतात. आजारी पडली की आधार कार्ड दाखव!

म्हापशेकार
तिळारीच्या खर्चात गोव्याचा वाटा आहे, तोही मोठा. फुकट पाणी पीत नाही आम्ही.

बांद्याचो
मग आम्हीही बांबोळीत फुकट काही मागत नाही. आमच्या राज्याची महात्मा फुले योजना तिथे नीट चालवा, पैसे महाराष्ट्र देईल, असंच तर सांगत होतो. पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर काय!

फोंड्याची आवय
दोघांनी धरणावर भांडायला दुसरी जागा शोधा हो. माझं आजोळ दोडामार्ग आणि सासर फोंडा, मी कुठल्या बाजूने बोलू?

बांदेकरांचं एवढं मात्र खरं, की गोमेकॉचं फुकटसुद्धा साधं फुकट नाही. आम्ही आधी सरकारीतच गेलो होतो. तारीख लांबची मिळाली. रक्त जातंय आणि तारखेची वाट बघत कोण बसेल? म्हणून खासगीत. तिसवाडीकर म्हणतात फुकटामुळे खासगीला पेशंट कमी. मी म्हणते खासगीला रांगेला घाबरलेला पेशंट मिळतो. घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही, हे त्यांना पक्कं माहीत आहे.

तिसवाडीकर
हा मुद्दा बरा आहे. म्हणजे रांगेची किंमतही दरात आली. पण त्यालाही डॉक्टरची लूट म्हणता येणार नाही, एवढंच माझं तुणतुणं.

पॉलिसीबाय
मी विमा क्षेत्रात आहे. सगळ्यात मोठा फरक कुणी बोललंच नाही: पैसे कोण देतंय. रोख देणाऱ्याचा एक दर, विम्याच्या पॅकेजचा दुसरा, कंपनीच्या हेल्थ चेकअपचा तिसरा. एकाच इमारतीत, एकाच स्कोपने.

आणि "एक दिवस अ‍ॅडमिट व्हा, क्लेम होईल" या सल्ल्यावर जाऊ नका. नुसत्या तपासणीसाठी अ‍ॅडमिट झालात तर क्लेम नाकारायचं कलम हल्ली सगळ्याच आरोग्य पॉलिसींत छापलेलं असतं, एक्सक्लूजन ०४. माझ्याकडे अशी माणसं येतात. चार हजारांत उरकलं असतं ते बेड, नर्सिंग, राउंड लावून १८ हजारांवर नेलेलं, आणि विमा कंपनीचं पत्र हातात. करात सूट मिळते ती प्रतिबंधक तपासणीला वर्षाला ५ हजारांपर्यंत, तीही जुन्या पद्धतीने कर भरत असाल तर.

टिळकवाडी बेळगाव
चार हजारांत गोव्यात? पत्ता द्या, आम्हीच येतो तिकडे.

स्विंडनचो पात्रांव
आमच्याकडे इंग्लंडात पन्नाशी झाली की टपालाने एक किट येतं. काडीवर नमुना घ्यायचा, परत टपालात टाकायचा. त्यात रक्ताचा अंश सापडला तरच दुर्बीण. दमडी लागत नाही. पोर्तुगीज पासपोर्ट काढला तेव्हा इथलेच लोक हसले होते.

म्हापशेकार
आणि दुर्बिणीची तारीख कधीची मिळते तिकडे?

स्विंडनचो पात्रांव
ते विचारू नका.

दुर्बीणवाला
स्विंडनवाल्यांनी नकळत मुद्द्यावर बोट ठेवलं. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे. आतड्याची नाही. आपल्याकडे हा कॅन्सर तुलनेने कमी, हे त्याचं एक कारण. त्यामुळे इथे दुर्बीण घालून घेणारा बहुतेक माणूस काहीतरी त्रास झाला म्हणूनच येतो. धडधाकट माणूस तपासणीला येत नाही, मग केसेस वाढणार कुठून आणि दर उतरणार कुठून?

फोंड्याची आवय
२०२१ मध्ये स्तनाच्या तपासणीची मोहीम गावात आली होती, ते छोटं यंत्र घेऊन. आमच्या वाड्यावरच्या बायका रांगेने जाऊन आल्या, एक पैसा नाही लागला. सरकारने मनावर घेतलं तर फोंडा आणि बेळगाव असा फरकच उरत नाही. नाही घेतलं की मग तुमचे केसेस, स्कोप आणि जपान.

तिसवाडीकर
सुप्रीम कोर्टाने २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राला हेच फटकारलं होतं, की उपचारांचे प्रमाणित दर ठरवत का नाही. पण अख्ख्या देशाला एकच दर लावला तर लहान गावातलं युनिट बंद पडेल आणि मोठं शहर हसत राहील. दर एक नको, दर उघडा हवा.

फोंड्याची आवय
चला, इतक्या रामायणानंतर माझ्या पहिल्या प्रतिसादावर आलात.

केपेचो वाटसरू
ती दोन बिलं मीच टाकली होती. दोन्ही माझीच आहेत.

मडगावचं तीन वर्षांपूर्वीचं. तेव्हा पॉलिप निघाला. बेळगावचं यंदाचं, फेरतपासणीचं. पॉलिप नव्हता, आणि भूल न घेता केली.

तिसवाडीकर
हे तेव्हाच लिहिलं असतंत तर दोनशे लाईक पडले नसते.

केपेचो वाटसरू
नसतेच पडले. म्हणून नाही लिहिलं.

पण लूट हा शब्द मी मागे घेणार नाही. भुलीशिवाय होतं, सौम्य गुंगीच्या इंजेक्शनवरही होतं, हे मला बेळगावात कळलं. त्यांनी आधी तिन्ही पर्याय सांगितले, तिन्हींचे दर सांगितले आणि काय हवं ते विचारलं. मडगावात कुणी काही विचारलं नाही. सही कर म्हणाले, केली.

दुर्बीणवाला
भूल घेतली तर पेशंट हलत नाही, डॉक्टरला नीट बघता येतं. उगीच लावत नाहीत. पण विचारायला हवं होतं, त्यात वाद नाही. फोन कराल तेव्हा असं विचारा: भूलतज्ज्ञ धरून किती, न धरता किती, पॉलिप निघाला तर वर किती आणि बायोप्सीच्या प्रत्येक बाटलीला किती. चारही आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा. देत नसतील तर पुढचा नंबर लावा.

फोंड्याची आवय
भुलीशिवाय दुखतं किती?

केपेचो वाटसरू
पाईप वळणावर आला की पोटात गोळा येतो, हवा भरल्यासारखं. नर्स पोटावर हात दाबून धरते. सहन होतं. पण ज्याला भीती वाटते त्याने पैसे मोजून झोपावं.

म्हापशेकार
ते सगळं ठीक. बेळगावला टॅक्सी केवढ्याला पडली ते सांगा.

केपेचो वाटसरू
टॅक्सी कशाला? बहीण तिथे शहापूरला असते, आदल्या दिवशी तिच्याकडे उतरलो. मुलाची गाडी होती. पेट्रोल इथूनच भरून नेलं, तिकडे महाग.