मुसलमान कास्तकारानं पोळ्याला बैल तोरणाखाली न्यावे का?

कास्तकार_दारव्हा
औंदा गावात आलेल्या एका मौलानांनी सांगितलं, पोळा, लग्नातली हळद, काळी पोत, सारं सोडा. मला पटलं नाही. खांदशेकणीला, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी, आम्ही बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो, तोरणाखाली बैल उभे करतो, गड्याला बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, देतो. पूजा आमच्या घरचं कोणी करत नाही. दीनाच्या हुकमाला धक्का लागत नसेल तर लोकांचा रिवाज, म्हणजे उर्फ, फिकहनं, म्हणजे इस्लामी कायद्याच्या शास्त्रानंही, मानला आहे. 627 साली मदिनेपुढं खंदक खणला तो पैगंबरसाहेबांचे इराणी साथी सलमान फारसी यांच्या सल्ल्यानं, ती इराणची रीत. रूमवाले, म्हणजे बायझंटाईन लोक, शिक्क्याशिवाय पत्र घेत नाहीत म्हटल्यावर पैगंबरसाहेबांनी चांदीची शिक्क्याची अंगठी करवून घेतली.

तालिब_पुसद
भाऊ, खंदक आणि शिक्का ही कामाची साधनं, त्यांना कोण मना करतं? सणाची गोष्ट वेगळी. अबू दाऊदच्या संग्रहात हदीस, म्हणजे पैगंबरसाहेबांचं वचन, आहे की जो ज्या कौमची नक्कल करतो तो त्यांच्यातलाच. जुने आलिम इब्न तैमिया यांनी तर सणांबद्दलच जास्त कडक लिहिलं. तुमचे बैल त्याच रांगेतून मारुतीपुढं जातात. तुमचं मन साफ असेल, पण पोरं काय शिकतील? मदिनेतले यहुदी आशुऱ्याचा, म्हणजे मोहरमच्या दहावीचा, रोजा धरायचे. पैगंबरसाहेबांनीही धरला, पण पुढच्या साली राहिलो तर नववीचाही धरीन म्हणाले. वेगळेपण राखलंच ना?

कास्तकार_दारव्हा
राखलं, पण आशुरा सोडला नाही! मीही तेच करतो. पोळ्याच्या झडत्या, म्हणजे गाणी, ऐकतो, आरती लागली की बाजूला होतो.

अमरावतीची_लेक
दोघंही पोळ्यावरच अडले. काळी पोत माझ्या गळ्यात सासूबाईंनी घातली. निकाहाला साक्षीदार आणि कबुली लागते, नवऱ्यानं बायकोला मेहर द्यावा लागतो; पोत तुटली म्हणून निकाह तुटत नाही. तरी बोट आधी बाईच्या गळ्याकडं जातं. हुंडा पण इथलाच रिवाज आहे, आणि तो मेहरच्या थेट उलटा. नवऱ्यानं द्यायचं तिथं बाप शेत गहाण ठेवतो. त्यावर मौलानांचं बयान, म्हणजे प्रवचन, का नाही होत?

तालिब_पुसद
ताई, हुंड्याचं शंभर टक्के कबूल. तो आधी बंद व्हावा. पोतीला मीही हराम म्हणणार नाही. तोरणावर मात्र ठाम आहे. बैल घरी सजवा, ढेप खाऊ घाला, त्या दिवशी जुंपू नका. जनावरावर रहम करणं तर सवाबाचं, पुण्याचं काम.

कास्तकार_दारव्हा
माझा एकच बैल. जोडीचा दुसरा शेजारच्या भाऊचा, सालभर सावडीनं वखरतो. पोळ्याच्या दिवशी जोडी फोडा म्हणता, तर ते माझ्याच्यानं होणार नाही.